पुरवणीतली बाई

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



आज मी व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे असं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत दोघीतिघी हसल्या. हसा. सहा महिन्यांपूर्वी मीही हसले असते. पोटगी, दारूबंदी, रेशन, सातबाऱ्यावर बाईचं नाव, हे आपले विषय. त्यात हा पोरांचा खेळ कुठून आला?

तो आला अकोल्याहून, माझ्या भावाच्या घरून. दिवाळीत गेले होते. भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो कॉम्प्युटरपुढे बसला होता आणि पडद्यावर एक पोरगी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मागं धान्य दळायची चक्की, अंगणात कुत्रं. मी म्हटलं, "हे कोणतं गाव रे बापू?" तो म्हणाला, "आत्या, हे युरोपातलं आहे, सहाशे वर्षांमागचं." भाची अकरावीत आहे. ती दाराला टेकून उभी होती. म्हणाली, "दादा, आता मले दे ना." तो म्हणाला, "थांब वो, हे काई मेन गेम नोहे. हे मांगून इकत घ्या लागते. डीएलसी म्हनतात याले." मी विचारलं, डीएलसी म्हणजे काय? भाच्यानं क्षणभर विचार केला आणि माझ्यासाठी मराठी शब्द शोधला. म्हणाला, "पुरवणी समज, आत्या."

पुरवणी. तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. मूळ पुस्तक पुरुषाचं आणि बाई पुरवणीत! मी दोन दिवस मुक्काम वाढवला आणि दोघा भावंडांच्या मधे खुर्ची टाकून तो खेळ पाहिला, विचारला, थोडा खेळलेसुद्धा. तेच आज सांगते.

आधी हा खेळ कसला ते सांगते. त्याला रोल-प्लेइंग म्हणतात, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट आपल्याला नवी नाही. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपण भुलाबाई मांडत होतो की नाही? महिनाभर रोज संध्याकाळी सून व्हायचं, सासू व्हायचं, माहेरी धाडा म्हणून विनवायचं. आठ-नऊ वर्षांच्या पोरी पुढं येणारं सासर गाण्यांतून खेळून घेत होत्या. आपल्या शिबिरांतही आपण तेच करतो. एकीनं नवरा व्हायचं, एकीनं पोलीसपाटील, एकीनं तक्रार घेऊन आलेली बाई. जी बाई दुसऱ्याच्या जागी उभी राहते, तिला त्या जागेवरून जग कसं दिसतं ते कळतं. कॉम्प्युटरवरचा खेळ हेच करतो. फरक इतकाच की कोणाच्या जागी उभं राहायचं हे खेळ बनवणारा आधीच ठरवून ठेवतो. आपला प्रश्न तिथंच सुरू होतो.

या खेळाचं नाव 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. चेक देशातल्या प्राग शहरातल्या वॉरहॉर्स स्टुडिओनं तो केला. १३ फेब्रुवारी २०१८ ला तो बाजारात आला. यात राक्षस नाहीत, जादू नाही. १४०३ साली बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, राजा वेन्सेस्लास आणि त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड यांच्यात गादीचं भांडण होतं. सिगिस्मुंडच्या फौजेनं स्कालित्स नावाचं चांदीच्या खाणीचं गाव जाळलं. ही घटना खऱ्या इतिहासातली आहे. खेळाचा नायक हेन्री, तिथल्या लोहाराचा पोरगा. त्याचे आईबाप डोळ्यांदेखत मारले जातात. तो पळतो, जखमी होतो, आणि पुढं तलवार शिकून सूड घ्यायला निघतो. पुष्कळ तास चालेल एवढा मोठा हा खेळ आहे. या सगळ्या तासांत तुम्ही हेन्री असता.

या हेन्रीला वाचवलं कोणी? थेरेझानं. ती चक्कीवाल्याची पोर. मूळ खेळात हेन्री बेशुद्ध पडतो आणि दोन आठवड्यांनी रात्ताय गावच्या चक्कीवर, तिच्या काकाच्या घरी, डोळे उघडतो. मधल्या दोन आठवड्यांत त्याचं हगणं-मुतणं कोणी काढलं, तोंडात पाणी कोणी घातलं, ताप किती वेळा चढला, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. पडदा काळा होतो आणि पुन्हा उजळतो. बायांच्या श्रमाचं याहून नेमकं चित्र मी पाहिलं नाही. काळा पडदा!

तो पडदा थोडासा बाजूला करायचं काम पुरवणीनं केलं. तिचं नाव 'अ वुमन्स लॉट'. 'लॉट' म्हणजे नशीब, आणि 'लॉट' म्हणजे वाटासुद्धा. आपल्या भाषेत दोन्ही अर्थ एकाच बोलीत येतात: बाईच्या वाट्याला आलेलं.

आता जरा हिशेब करू. हिशेब केल्याशिवाय आपल्या बैठका पुऱ्या होत नाहीत. या खेळाला गोष्टीच्या चार पुरवण्या आल्या. पहिली २०१८ च्या जुलैत, त्यात उजाड गाव पुन्हा वसवायचं. दुसरी त्याच ऑक्टोबरात, त्यात एका तरुण सरदाराच्या प्रेमाच्या भानगडी निस्तरायच्या. तिसरी २०१९ च्या फेब्रुवारीत, भाडोत्री शिपायांच्या टोळीची. आणि चौथी, २८ मे २०१९ ला, बाईची. मूळ खेळ आल्यावर सव्वा वर्षानं. बरं, हे कोणाला मागून सुचलं असंही नाही. २०१४ साली या खेळासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली होती, अकरा लाख पौंडांहून जास्त. एका बाईच्या भूमिकेतला भाग असेल, हे आश्वासन तेव्हाच दिलेलं होतं. दिलेलं आश्वासन पाळलं, हे खरं. पण रांगेत ती कितव्या नंबरावर होती? सरदाराच्या प्रेमप्रकरणाच्याही मागं!

तरी मी नुसती नावं ठेवायला उभी नाही. जे चांगलं आहे ते चांगलं म्हणायला आपण शिकलं पाहिजे. थेरेझाची गोष्ट खेळताना स्कालित्सचं जळणं तुम्ही दुसऱ्यांदा पाहता. पहिल्यांदा पाहिलं ते लोहाराच्या पोराच्या डोळ्यांनी. आता पाहता तिच्या डोळ्यांनी. गाव तेच, दिवस तोच, आग तीच. पण दिवसाची सुरुवात कोंबड्यांना दाणे टाकण्यापासून होते, घरच्या कामांपासून होते. बाप आहे, भाऊ आहेत, त्यांच्या हाकेला ओ देणं आहे. आणि मग फौज येते. हिच्याजवळ चिलखत नाही, हिला तलवार कोणी शिकवली नाही. लपायचं, अंधारातून वाट काढायची, जमेल त्याला वाचवायचं. शिपायांपासून बाईला असलेलं भय वेगळं असतं, तेही इथं समजतं. तिचं सगळं घर त्या दिवशी संपतं. आणि तरी दुसऱ्याच्या पोराला ती चक्कीपर्यंत पोचवते.

भाचा खेळता खेळता म्हणाला, "आत्या, पहिल्या वेळेस मी तिथून पळालो तेव्हा हिच्या घरी काय झालं हे मले माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "तू विचारलं होतंस का?" तो गप्प बसला.

हे मी उगीच म्हटलं नव्हतं. या पुरवणीत शिरायचं कसं, ठाऊक आहे? हेन्रीनं थेरेझाकडे जायचं आणि विचारायचं, त्या दिवशी तुझ्यावर काय गुजरलं? त्यानं विचारलं की तिची गोष्ट सुरू होते. नाही विचारलं, तर ती चक्कीवर उभी राहते, काम करते, हसून बोलते आणि गोष्ट पोटातच राहते. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं मला सांगता येणार नाही. पण आपल्या घराघरांतलं सत्य त्यांच्या हातून बरोबर उतरलं आहे.

आता जे खटकलं ते. या पुरवणीचा दुसरा अर्धा भाग योहांका नावाच्या पोरीचा आहे. तीही स्कालित्सचीच, त्या जळितातून वाचलेली. साझावा गावच्या मठात जखमींची शुश्रूषा करते. तिला माता मेरीची स्वप्नं पडतात आणि ती लोकांपुढं बोलू लागते. बाई बोलू लागली की जे व्हायचं तेच होतं. धर्माच्या नावानं चौकशी बसते, पाखंडाचा आरोप येतो. गोष्ट चांगली आहे. पण या भागात तुम्ही योहांका होत नाही. पुन्हा हेन्रीच होता. तो काय करतो, काय बोलतो, कशी साक्ष देतो, यावर तिचं जगणं-मरणं ठरतं. म्हणजे बाईच्या पुरवणीतही अर्धा वाटा पुरुषाच्या हातात! भाची तिथल्या तिथं म्हणाली, "मले योहांका व्हायचं होतं." पाहा, अकरावीतल्या पोरीला जे खटकलं ते बनवणाऱ्यांना खटकलं नाही. २०२५ मध्ये या खेळाचा दुसरा भाग आला, पुष्कळ गाजला. त्याचाही नायक हेन्रीच आहे.

कोणी म्हणेल, त्या काळी बायांचं जिणंच तसं होतं, इतिहास दाखवायचा तर असाच दाखवावा लागेल. हा युक्तिवाद आपण फार ऐकला आहे. त्याला उत्तर द्यायला मला बोहेमियात जायची गरज नाही. इथून मोर्शी तालुक्यात गेलं तरी पुरे.

त्या खेळातलं साल १४०३. त्याच्या सुमारे सव्वाशे वर्षं आधी, आपल्या रिद्धपूरला, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ. साल सुमारे १२७८ मानतात. तो कसा झाला ते लक्षात घ्या. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून आठवणी विचारल्या. त्यात बायाही होत्या. म्हणून त्या ग्रंथात बाइसा, आबाइसा, उमाइसा, महदाइसा अशा बाया नावानिशी येतात, बोलतात, शंका काढतात. त्या मागून जोडलेल्या पुरवणीत नाहीत, मूळ ग्रंथात आहेत. आणि बायांना विटाळाच्या नावानं दूर ठेवण्याला चक्रधरांचा विरोध होता. शरीराच्या इतर स्रावांसारखाच हाही एक, अशा अर्थाचं त्यांचं सांगणं याच ग्रंथात आलं आहे. तेराव्या शतकात!

महदाइसेबद्दल शाळेत आपण दोन ओळी वाचल्या: मराठीची आद्य कवयित्री, 'धवळे' तिचे. पण ती होती कोण? नागदेवाचार्यांची चुलत बहीण, लहानपणी विधवा झालेली. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा तिनं ते रचले, आणि विषय घेतला रुक्मिणीच्या लग्नाचा. रुक्मिणी म्हणजे आपल्याच कौंडिण्यपूरची, मनाजोगता नवरा निवडून निघून गेलेली. ज्या समाजानं विधवेला मांडवाच्या बाहेर उभं केलं, त्या समाजातल्या विधवेनं लग्नाची गाणी रचली, आणि तीही स्वतःचं लग्न स्वतः ठरवणाऱ्या पोरीची. ही सतत काहीतरी विचारतच असते, अशी तिची ख्याती पंथात लिहून ठेवली आहे. तिथं विचारणारी बाई होती. आपल्याला कोणी विचारील म्हणून ती चक्कीवर थांबली नाही.

आणखी एक आठवण. संस्कृतात लिहावं की मराठीत, हा प्रश्न आला तेव्हा नागदेवांनी मराठीचा आग्रह धरला. कारण काय दिलं? संस्कृतात गेलं तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं आहे. त्या विद्यापीठाचा पाया म्हाताऱ्या बायांच्या हक्कावर उभा आहे, हे फाटकावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

मी सगळंच सोन्याचं म्हणत नाही. तिथंही आचार्य पुरुषच होते. पुढं ते ग्रंथ पंथाच्या सांकेतिक लिपीत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना बंदच राहिले. ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी धरली, त्यांच्या नातींच्या नातींपर्यंत ते पोचलेच नाही. पण "त्या काळी तसंच होतं" हे उत्तर आता कोणी देऊ नये, एवढं रिद्धपूरनं नक्की करून ठेवलं आहे. मध्ययुगातही बाईला विचारता येत होतं. विचारायचं की नाही, हे माणसं ठरवत होती. आजही माणसंच ठरवतात.

आज कुठं ठरतं, ते तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलं आहे. आपल्यापैकी कितीजणी आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसल्या आहेत? पंचनाम्याला माणसं येतात. ओसरीवर दिराला विचारतात, सासऱ्याला विचारतात, सरपंचाला विचारतात. कर्ज किती, जमीन कोणाच्या नावे. ती आत चुलीपाशी बसलेली असते. वर्षानुवर्षं मदत होती एक लाखाची, आणि तीसुद्धा प्रकरण 'पात्र' ठरलं तर. पात्र-अपात्र कोणाच्या सांगण्यावर ठरलं? योहांकाची चौकशी आठवा. आणि शेतात मरेमरेतो राबणाऱ्या बाईनं जीव दिला, तर सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ती शेतकरीच धरली जात नाही. तिच्या मरणाला तर पुरवणीतही जागा नाही.

म्हणून मला हा खेळ पोरखेळ वाटला नाही. आपल्या पोरांच्या डोक्यात इतिहास आज पुस्तकातून कमी आणि अशा पडद्यावरून जास्त जातो. तिथं बाई मूळ गोष्टीत आहे की मागून विकत घ्यायच्या भागात, यानं त्यांचं मन घडतं. आणि हे बदलता येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान कंपनीनं २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्याची नायिका सर्कशीत कसरती करणारी पोरगी आहे. धाकट्या भावाला सोडवायला ती असुरांशी लढते. कंपनी उभी करणाऱ्यांत श्रुती घोष ही चित्रकार बाई आहे. त्या वर्षी जगातल्या नावाजलेल्या पारितोषिकांत पहिल्याच प्रयत्नाच्या खेळांमध्ये 'राजी'ला नामांकन मिळालं. तो पुराणकथेचा खेळ आहे, आणि भावाला सोडवण्याचीच गोष्ट आहे, हे मला दिसतं. पण त्यात पहिल्या क्षणापासून तुम्ही राजी असता. कोणाला विचारावं लागत नाही.

दोन शंका येतील. पहिली: हे सगळे खेळ म्हणजे जुगार नाही का? नाही. मोबाइलवर रमी लावून घर धुऊन नेणारे पैशाचे खेळ वेगळे. त्यांच्यावर बंदीचा कायदा केंद्रानं २०२५ मध्ये केला, आणि त्या कर्जापायी रडत आलेल्या बाया आपल्याकडे आहेतच. गोष्टीचा खेळ ही वेगळी चीज आहे. दोन्हींना एकच समजून पोरींच्या हातून यंत्र काढून घेऊ नका.

दुसरी शंका खरी आहे: आमच्या पोरीजवळ फोनच कुठं आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बाया स्वतः वापरायचा फोन असलेल्या निघाल्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, आणि पुरुष ५७ टक्के. म्हणजे दाराला टेकून "आता मले दे ना" म्हणणारी माझी भाची एकटी नाही.

तेव्हा मागणी काय? मी तीन गोष्टी मांडते, तुम्ही बैठकीत ठरवा.

एक, आपल्या वाचनालयांत आणि केंद्रांत जिथं कॉम्प्युटर आहे, तिथं आठवड्यातले दोन दिवस फक्त पोरींचे ठेवा. त्यांनी काय खेळावं, काय शिकावं ते त्यांना ठरवू द्या.

दोन, म्हाइंभटांची रीत आपण उचलू. गावागावांतल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारायचं. कापूस वेचणारी, जिनिंगात राबलेली, नवरा गेल्यावर शेत सांभाळलेली, परतवाड्याहून मेळघाटात सुईणपण करायला गेलेली. त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायचं, 'मले-तुले' सकट. शुद्ध करत बसायचं नाही. उद्या कोणी पोरगी वऱ्हाडाचा खेळ बनवायला बसली, तर तिच्यापुढं गोष्टी तयार पाहिजेत.

तीन, आपले स्वतःचे अहवाल उघडून पाहा. प्रकरणं, ठराव, आकडे सगळे पुढं. आणि बाईचं स्वतःचं म्हणणं कुठं आहे? बहुतेक वेळा परिशिष्टात. आपणही तिला पुरवणीतच टाकतो. ते पुढं आणा.

अकोल्याहून निघायच्या रात्री मी भावाच्या सासूबाईंजवळ बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. पूर आला त्या साली त्यांच्या घरी काय झालं, हे घरात सगळे त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकत आले. भाची आली आणि तिनं सहज विचारलं, "आजी, तू तव्हा कुठं होती वो?" म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "हे मले आजलोक कोनं पुसलंच नाही." आणि मग बोलायला लागली. बारा वाजून गेले तरी बोलत होती.

कॉम्प्युटर त्या रात्री बंदच होता.